वस्त्रगाळ हवा

मंडळी, आधीच सांगते — आमची मोटारसायकल आम्ही अमावस्येला घेतली, कारण त्या दिवशी शोरूमला गर्दी नसते. मांजर आडवं गेलं तर आमचे हे हॉर्न वाजवतात आणि पुढे जातात. मी स्वतः केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय. तुमचे इथले अनुभव वाचून, ते उलटे पाय आणि ती पांढरी साडी, मी पोट धरून हसलेली बाई आहे. त्यामुळे आज हे टाईप करताना माझी मलाच लाज वाटतेय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, माझी वेळ होती तेव्हा मीही सोडलं नव्हतं.

जाफराबादच्या बाहेर, भोकरदन रोडला आमचं पनीर-खव्याचं छोटं युनिट आहे. पुढे शेड, मागे बॉयलरची खोली आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक मोकळं रान. दसऱ्याच्या आसपास आख्ख्या शिवाराची सोयाबीन तिथे मळणीयंत्रात पडते. ती धूळ ज्यांनी अंगावर घेतलीय त्यांना सांगायला नको. डोळे, नाक, मान... आंघोळ केली तरी खाज जात नाही.

बॉयलर आम्ही मागच्या वर्षी नवा घेतला. गॅसवरचा, कमी गॅसमध्ये जास्त वाफ देणारा. ह्यांनी त्याच्यासमोर नारळ फोडला. मी म्हटलं, "अहो, तुमचा तर विश्वास नाही ना?" तर म्हणे, "हा विश्वास न्हाई, पद्धत हाय." आता नवरा म्हटल्यावर त्याचं तर्कशास्त्र त्याच्यापाशी.

तर हा बॉयलर फार नाजूक प्रकृतीचा निघाला. जुना लाकडाचा बॉयलर काहीही खायचा. ह्याला जळायला बाहेरची हवा लागते, ती भिंतीतून आलेल्या एका पाइपने आत ओढतो, आणि ती स्वच्छच हवी. मळणी सुरू झाली आणि दोन दिवसांत बर्नर धुळीने बुजला. जालन्याहून सर्व्हिसवाले मोमीनभाई आले. त्यांनी जाळी काढून झटकली तर खोलीत पिवळा ढग उठला.

"भाभी, हवेला फिल्टर लावना पडेगा," ते म्हणाले. "मोठ्या डब्यातला, कंपनीचा. मी मागवतो. तवरोक मळणी चालू असली की बॉयलर बंद ठेवा. बिलकुल चालवू नका."

"आन् चालवला तं?" ह्यांनी विचारलं.

"हवा कमी पडली तर आग अर्धीच जळते, भास्करभाई. तो गॅस दिसत न्हाई, वास येत न्हाई. माणूस बसल्या जागी झोपतो, आन् मंग उठत न्हाई."

मी तिथल्या तिथे ठरवलं, फिल्टर येईपर्यंत बॉयलर बंद. ह्यांनीही मान हलवली. पण सणाचे दिवस, दारात दुधाचे कॅन आणि हा माणूस त्या खोलीत स्टुल टाकून वाफेच्या काट्याकडे बघत बसणारा... माझा जीव खालीवर व्हायचा तो मोमीनभाईंच्या त्या एका वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मागे जाऊन बघते तर बॉयलर चालू, आणि पाइपच्या तोंडाला सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं बांधलेलं! आम्ही त्याचे तुकडे दूध गाळायला वापरतो, धुऊन धुऊन मलमलीसारखे झालेत.

"हे काय हो?"

"हवा वस्त्रगाळ करून राह्यलो," हे ऐटीत म्हणाले. "इतके वर्स दूध गाळतो, मला हवा गाळता येत न्हाई का?"

दूधवाल्या माणसाचीच ही चूक, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. दूध जाड फडक्यातून हळूहळू का होईना उतरतं, आणि फडकं जितकं जाड तितकं दूध निर्मळ. पण दूध थांबतं, आग थांबत नाही. हे मी तावातावाने समजावून सांगितलं. ह्यांनी ऐकल्यासारखं केलं.

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या गेल्या नाहीत हं, ठणठणीत आहेत! फक्त पाय मोडल्यामुळे तेव्हा पिंपळगाव रेणुकाईला थोरल्या जाऊबाईंकडे खाटेवर होत्या. युनिट त्यांनीच दोन म्हशींवर सुरू केलेलं. त्यांचा एकच कायदा: दुधाचं फडकं पारोसं ठेवायचं नाही. काम झालं की लगेच धुवायचं, पिळायचं, उन्हात टाकायचं. टाकायचंही कसं, तर दोरीवर मधोमध नाही, एक काठ हातभर खाली लोंबता, म्हणजे पाणी एका बाजूने निथळतं. फडकं पारोसं राहिलं की त्या घर डोक्यावर घ्यायच्या.

तर त्या दिवशी दुपारी ते पाइपवरचं फडकं गायब. शोधलं तर दोरीवर! स्वच्छ धुतलेलं, एक काठ हातभर खाली.

मला वाटलं ह्यांनी धुतलं. मनातून बरं वाटलं, म्हटलं नवरा सुधारला. तर हे उलट मलाच म्हणाले, "इतकी कामसू कवापासून झालीस?" माझं डोकं फिरलं. पुन्हा ह्यांनी बांधलं, पुन्हा ते दोरीवर गेलं. सकाळी येणाऱ्या बायकांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वैनी, आमच्या मागं पनीर कमी हाय का?" आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवू लागलो. चहा पितानासुद्धा मी ह्यांचे हात बघायचे, ओले आहेत का म्हणून.

शेवटी हे इरेला पेटले. फडक्याची दुहेरी घडी केली, पाइपवर चढवली आणि वरून बाइंडिंगची तार पक्कडीने आवळली. "आता कोन सोडतं बघतो!"

मी म्हटलं, "अहो, दुहेरी? श्वास कसा घेईल तो?"

"तू पनीर बघ."

आमच्यात दोन दिवस हेच चाललं होतं, म्हणून मीही रागात निघून आले. त्याचं आजही वाईट वाटतं.

दुपारी बायका घरी गेल्या. गेट आतून बंद. पलीकडे मळणीयंत्र घरघरत होतं. मी पनीरचे ठोकळे पाण्यात सोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. पिंपळगावहून सासूबाई. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"वैशाली, फडकं पारोसं हाय."

"कोणतं फडकं, आत्याबाई?"

"आधी ते काढ! जल्दी जा!"

मी तशीच ओल्या हाताने मागे गेले. पाइपच्या तोंडावर तार होती. आवळलेली, पिळ्यांसकट, जशीच्या तशी. आणि आत फडकं नव्हतं. ते दोरीवर होतं, थेंब थेंब गळत होतं, आणि एक काठ हातभर खाली.

मला आधी भीती नाही वाटली, संताप आला. म्हटलं हे माझी गंमत करतायत. भांडायलाच म्हणून मी बॉयलरच्या खोलीचं दार ढकललं.

हे स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले. मी हाक मारली तर मंद हसले आणि म्हणाले, "जरा पडतो..." ह्या माणसाला दुपारी झोप येत नाही, लग्नापासून बघतेय. माझ्या कानात मोमीनभाईंचं वाक्य वाजलं. मी बखोटीला धरून ह्यांना ओढत बाहेर आणलं, गॅसचा कॉक बंद केला. कडुलिंबाखाली बसताच हे भडाभडा ओकले. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, दोन्ही एकदम.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मोमीनभाई दुसऱ्या दिवशी आले. बर्नर बुजलेला, धुराच्या नळीचा एक जोड सैल, त्यात वर ते दुहेरी फडकं. ते म्हणाले, "कपडा निघाला म्हणून आग सावरली, भाभी. अजून थोडा वेळ राहता तर..." मग तारेचं कडं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि मला विचारलं, "हे न खोलता कपडा काढला कसा?"



आता तिथे मोठा डब्यातला फिल्टर बसवलाय. दर आठवड्याला मी स्वतः उघडून साफ करते, आणि खोलीत गॅसची सूचना देणारं यंत्रही लावलंय. विज्ञानाचं विज्ञानाने निस्तरलं. बाकीचं राहिलंच.

हे बरे झाल्यावर आम्ही दोघं पिंपळगावला गेलो. मी जाऊबाईंना बाजूला घेऊन विचारलं, त्या दुपारी घरी काय झालं होतं. त्या म्हणाल्या, "काय की बाई. आत्याबाई झोपल्या होत्या. मधीच शिंकायला लागल्या, एकावर एक. दारं-खिडक्या बंद अन् ह्यांना धूळ कुठली? पाणी द्याया गेले तं कोपरापोतूर हात ओले. गोधडी कोरडी बरं का. मंग मला म्हणाल्या, फोन लाव."

मी सासूबाईंच्या खाटेवर जाऊन बसले. सगळं सांगितलं... तार, दोरी, हातभर लोंबता काठ. बी.एस्सी. झालेली मी, हात जोडून विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा, हे झालं कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दाराकडे बघत होत्या. हे तिथे उंबऱ्यावर बसून पुतण्याशी मोठमोठ्याने हसत होते.

"मला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "पोरगं श्वास घेऊन राह्यलं ना? मंग झालं."