जांभळा अंगठा

"आजी, इथे अंगठा द्या हं. घाबरू नका, डाग जातो."

कार्यक्रम घेणाऱ्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. हातात शिक्क्याचं पॅड, जांभळ्या शाईचं, कॉलेजच्या ऑफिसातून मागवलेलं. समोर भिंतीवर पांढरं कापड ताणून लावलेलं. कार्यक्रमाला आलेल्या सगळ्यांनी त्यावर सह्या केलेल्या. कोणी फूल काढलेलं, कोणी दोन ओळी लिहिलेल्या. मधोमध एक चौकोन मोकळा. माझ्यासाठी राखलेला.

मी तेव्हा त्या सह्या वाचत होते. सवय आहे मला, दिसेल ते वाचायची.

बाजूला माझी नात उभी होती, सिद्धी. मुलाची मुलगी. पाचच मिनिटं झाली असतील तिला व्यासपीठावरून खाली उतरून. तिने माझ्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं होतं. पहिलंच वाक्य असं, "माझ्या आजीला एकही अक्षर येत नाही."

मला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाची आजी असेल. मग लालबागची चाळ आली. फॉल-बीडिंगच्या साड्या आल्या. माझे गुडघे आले. मग कळलं, मीच ती. हिंदमाताच्या दुकानातून साड्या आणणारी, रंगावरून त्या ओळखणारी, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते न कळणारी, मुकी, अडाणी बाई.

"मॅडम, मला..." मी तोंड उघडलं.

सिद्धीने माझं मनगट धरलं. "आजी, प्लीज."

एवढंच बोलली. तिचा हात गारढोण पडला होता. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत पडायचा तसा.

मी अंगठा दिला.

टाळ्या झाल्या. कोणीतरी फोटो काढला. पुढच्या रांगेतली एक बाई रुमालाने डोळे पुसत होती. माझ्याकडे बघून.

आता मला अक्षर कसं आलं ते सांगते. सांगायलाच हवं.

मी लग्न होऊन कोकणातून लालबागला आले ती कोरी पाटी. गावात शाळा होती, पण ती भावांसाठी. नवरा गिरणीत. संप झाला, गिरणी गेली, माणूस घरात बसला. मी हिंदमाताच्या एका दुकानातून फॉल लावायला साड्या आणायला लागले. प्रत्येक साडीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असायची. एकदा घरात झाडताना चिठ्ठ्या सुटल्या. मी त्या अंदाजाने परत लावल्या. कोणाच्या तरी लग्नातला शालू भलत्याच बाईच्या घरी गेला. दुकानदाराने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हातातली साडी माझ्या तोंडावर फेकली. "अडाणी बायकांना काम दिलं की हे असं होतं!"

काठ लागला गालाला. जरीचा होता. खरचटलं.

त्या रात्री जेवले नाही मी. सकाळी उठून चाळीच्या गॅलरीत उभी राहिले. प्रत्येक दारावर नावाची पाटी. कोणत्या दारात कोण राहतं ते मला माहीत होतं. मग पाटीवर काय लिहिलंय तेही मला माहीतच होतं की! सावंतांच्या दारावर 'सावंत' असणार. मग पहिलं अक्षर स. साळवींच्या दारावर तेच पहिलं अक्षर. बरोबर. परबांच्या दारातून प मिळाला. कांबळींच्या दारातून क, ब आणि ळ. कांबळीणबाई विचारायच्या, "गो, माझ्या दाराक काय बघतंस रोज? देव बसलो हा काय थंय?" मी हसायचे. काय सांगणार! असं दारोदारी फिरून मी शिकले. झ मिळत नव्हता. आमच्या मजल्यावर झ कोणी राहायचंच नाही. तो मग एका झेरॉक्सच्या दुकानावर मिळाला.

सिद्धीला मी असंच शिकवलं. सून कामाला जायची, पोर माझ्याकडे. तिला कडेवर घेऊन मी गॅलरीतून फिरायचे. "ह्यां कोणाचा दार?" "सावंतआजींचं." "मग ह्यां अक्षर कुठला?" "स! माझा स!" शाळेत जायच्या आधी पोरीला सगळा मजला वाचता येत होता. साड्यांच्या चिठ्ठ्या तीच मला ओरडून वाचून दाखवायची. चुकली की मी तिला टपली मारायचे आणि मी चुकले की ती मला.

तर ही पोर म्हणाली, आजीला एकही अक्षर येत नाही.

खोटं कशाला बोलू, ती कॉलेजातल्या त्या लेखनाच्या कार्यक्रमांना जायला लागली तेव्हा मीच खूश होते. बुजरी पोर. नखं खायची. चार माणसांत बोलायची नाही. तिथे जायला लागली आणि मान वर करून चालायला लागली. घरी येऊन सांगायची, आज कोण आलं, कोणी काय वाचलं. मी फॉल लावता लावता ऐकायचे. मध्ये मध्ये तोंड घालायचे. ती चिडायची. "आजी, तुला काही कळत नाही!" "तुका तरी काय कळता?" मग दोघी हसायचो.

पुढे ते भांडणच बंद झालं.

आधी मला कळलं नाही काय बदललंय. पोर माझ्याशी जास्तच गोड वागायला लागली. मी काही बोलले की म्हणायची, "थांब, परत बोल. तसंच बोल." मोबाईल पुढे करायची. मी मालवणीत एखादा शब्द बोलले की डोळे चमकायचे तिचे. पण उत्तर द्यायची नाही. मी म्हटलं, "गो, माझ्या पायात आज चमक भरली हा." तर पूर्वी तेल घेऊन बसली असती. आता विचारते, "चमक म्हणजे नक्की कसं वाटतं? कशासारखं?" आणि लिहून घेते. तेल राहिलं बाटलीत.

माझ्याशी बोलणारी माझी नात होती, ती कधी उठून गेली ते मला समजलंच नाही. समोर बसलेली मुलगी माझे शब्द ऐकत होती, पण मला नाही.

अंगठा दिला त्या दिवशी दोघी घरी आलो. मी मोरीत जाऊन अंगठा घासला. साबण, लिंबू, राख सगळं झालं. जांभळा तो जांभळाच. दुसऱ्या दिवशी हातात मोतिया रंगाची साडी होती. बोट लागलं असतं तर साडी गेली असती. मी अंगठ्याला चिंधी बांधली आणि तशीच सुई धरली. टाका सरळ पडेना. तेव्हा रडू आलं मला. सभागृहात नव्हतं आलं.

सिद्धी बघत होती. म्हणाली, "आजी, तुला राग आला?"

मी विचारलं, "तू खोटां कित्याक लिवलंस?"

ती पायाच्या नखाने लादी टोकरायला लागली. मग म्हणाली, "पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं. दारांवरच्या पाट्यांचं. सगळं. मॅडम म्हणाल्या, गोड आहे, पण यात जखम कुठे आहे? कोणालाच काही वाटलं नाही गं. लगेच पुढच्याचं वाचन सुरू झालं. मग मी ते काढलं. अक्षर येत नाही असं केलं. तर सगळे रडले."

"म्हणजे मी शिकलंय, ता कोणाक लागला नाय."

"आजी, पीसमध्ये, म्हणजे अशा लेखात, तसं चालतं. ती तू नाहीस, ते पात्र आहे."

"मग अंगठो कोणी दिलो? पात्रान?"

मी साडी घडी करून ठेवली.

खरं सांगते, मी तिथेच विषय संपवला असता. नातीसाठी माणूस काय काय गिळतं. एक घोट आणखी. पण तिच्या त्या लेखाला बक्षीस लागलं. गिरगावातल्या मोठ्या हॉलात कार्यक्रम ठरला. मॅडमनी निरोप धाडला, आजींना आणायचंच. सिद्धी माझ्यासाठी इस्त्रीची साडी काढून बसली. मी म्हटलं, "मी येतंय. पण अंगठो देवचंय नाय."

"नाही मागणार कोणी. तू फक्त बस. बोलू नको. प्लीज आजी, माझं सगळं आहे गं यात."

मी गेले. पहिल्या रांगेत बसवलं मला. सिद्धीने वाचलं. पुन्हा तेच वाक्य. मी पदराचं टोक घट्ट धरून बसले, बोलले नाही. तिचा शब्द पाळला मी. मग व्यासपीठावर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. आणि मॅडम माईकवर म्हणाल्या, "मागच्या वेळी आजींनी आमच्या सह्यांच्या कापडावर अंगठा उमटवला होता. आज इथेही त्यांचा अंगठा हवा." एका पोरीने सह्यांनी भरलेलं नवं कापड टेबलावर पसरलं, दुसरीने पॅड आणलं. तेच जांभळं.

मी सिद्धीकडे बघितलं. म्हटलं, आता बोल. आता तरी बोल गो बाय. तू म्हण, माझ्या आजीला सही येते. तू म्हणालीस तर मी सगळं विसरेन.

तिने मान खाली घातली. नख तोंडात.

मी म्हटलं, "पेन द्या."

मॅडम हसल्या. प्रेमानेच हसल्या हो. "अहो आजी, पेनाचं काय करणार तुम्ही?"

"सही."

हॉलात कोणीतरी टाळी वाजवली, त्यांना वाटलं गंमत आहे. मॅडमनी पेन दिलं. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि लिहिलं. माझं नाव. नवऱ्याचं नाव. आडनाव. खाली गावाचं नाव, झोकात, वेलांटी लांब ओढून. एकही अक्षर चुकलं नाही. मग खाली वाकून आधीच्या चार सह्या मोठ्याने वाचल्या. माईक जवळच होता.

टाळी थांबली. कुजबुज सुरू झाली. मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्हाला येत होतं तर मग सांगायचं नाही का आधी?" आवाजातला गोडवा गेला होता. जणू मीच त्यांना फसवलं.

सिद्धी कधी हॉलातून निघून गेली ते मला दिसलं नाही. शाल आणि नारळ मी तिथेच खुर्चीवर ठेवून आले. एकटी आले घरी.

रात्री ती आली. चपला काढता काढता म्हणाली, "तू मला संपवलंस."

त्यानंतर आमच्या घरात तिचा आवाज नाही. ती जेवते, पाणी पिते, मोबाईल उलटा ठेवते. "भात घे" म्हटलं की घेते. त्या कार्यक्रमांना जात नाही आता, आणि पुन्हा नखं खाते. शेजारच्या कमलने विचारलं, "कशाक केलास ह्यां? पोरीचा तोंड तरी बघा." बघते की. रोज तेच बघते.

माझ्या एका सहीने तिचं काय गेलं ते मला कळतं. पण माझ्या एका अंगठ्याने माझं काय गेलं असतं, तेही कळतं. गालाला जरीचा काठ लागला होता तेव्हापासूनचं सगळं गेलं असतं. आमच्या मजल्यावरची सगळी दारं गेली असती.

म्हणून हे मी लिहिलंय. माझ्या हाताने. कोणी सुधारलेलं नाही, कोणी यात जखम शोधून घातलेली नाही. जेवढी होती तेवढीच आहे.

सिद्धी, तू वाचशील हे. तुला वाचायला मी शिकवलंय. तू परत लिही. माझ्यावर लिही, वाटेल तेवढं लिही. पण आधी माझ्यासमोर बसून वाचायचं, आणि चुकलीस तर टपली खायची. हे जमणार नसेल तर तू जिथे जिथे वाचशील तिथे मी येईन. पहिल्या रांगेत बसेन. आणि त्या पहिल्या वाक्याला उठून उभी राहीन.

नात असलीस तरी.