भट्टीकडची भिंत

राजधानी आमच्या गावातून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यात ताई बाळंतपणाला आमच्या टोपी बाजारातल्या घरी आली होती. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनीच तिची खाट भट्टीकडच्या भिंतीला लावली. पलीकडे हलवाई, त्याच्या भट्टीमुळे ती भिंत थंडीत छान कोमट असायची. बाळंतिणीला फुकटचा शेक, म्हणून बाबा स्वतःवरच खूश!

मग कचेऱ्या भोपाळला चालल्या, गिऱ्हाईक तुटलं आणि हलवायानं भट्टी कायमची विझवली. दोन दिवसांनी ताई म्हणाली, "बाबा, भिंत चटका देतेय हो. आणि वरून माती गळते. बाळाला दूर घेऊ का?"

बाबांनी लगेच वर्ग भरवला. भिंत पलीकडून सर्वांत गरम, मग आत ऊब थोडीथोडी उतरत आपल्याकडे सर्वांत कमी. जाड आहे, निवायला वेळ घेणारच. "घाबरट कुठली! खाट हलवू नकोस." ते हसले. त्यांचं हे हसणं माझ्या अगदी डोक्यात जायचं.

मी अकरा वर्षांची होते. म्हटलं, बघूच. पलीकडे गेले, तर हलवाई सामान बांधत होता. भट्टीमागच्या भिंतीला मी तळहात लावला. गार! "भट्टी तो परसों से ठंडी है, बिटिया," तो म्हणाला. पलीकडे गार, तर आमच्याकडे ऊब येत होती कुठून?

धावत येऊन बाबांना सांगितलं. आधी वैतागले, मग चेहरा पांढराफटक पडला. छताच्या तुळईचं टोक त्या भिंतीत पुरलेलं होतं. वर्षानुवर्षं भाजून ते आतल्या आत धुमसत होतं.

बाबांनी बाळ उचललं, मी ताईला हात धरून ओढलं, मागून आई. आम्ही चौकात पोचतो न पोचतो तोच कडाडलं आणि छत खाटेवर बसलं. बाळाला छातीशी धरून बाबा पुटपुटत होते, "वाचलं गं, वाचलं माझं सोनं!"

ताईनं बाळ काढून घेतलं. "मी सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली.

ती महिनाभर राहिली. बाबा रोज शाळेतून आले की हातपाय धुऊन तिच्यापुढे हात पसरून उभे राहायचे. तिनं बाळ पुन्हा त्यांच्याकडे दिलं नाही.