हनुवटीची पट्टी

आर्वीच्या चंद्रभानजींचा श्वास झोपेत अडकायचा. अठ्ठ्याऐंशी साली वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या नाकावर मास्क लावून नव्या मशीनची हवा सुरू केली. पण डोळा लागला की तोंड उघडायचं, हवा तिथून निघून जायची आणि ते गुदमरून उठायचे.

"हनुवटी बांधावी लागेल," म्हणत डॉक्टरांनी पांढरी पट्टी पुढे केली.

त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईंनी, हात मागे घेतला. तिरडीवर ठेवण्याआधी सासऱ्यांचा जबडा त्यांनी अशाच पट्टीनं बांधलेला पाहिला होता.

"जित्या माणसाले हे नाई बांधत, डॉक्टरसाहेब!"

चंद्रभानजींनी मास्क बाजूला सारला. "अवं, माहा दुपट्टा आन. थंडीत गव्हाले पानी द्याले जातो तवा बांधून देते ना, तसाच बांध. वावरात चाललो समज."

रामनाम घेत बाईंनी दुपट्टा बांधला. गाठ मात्र सासऱ्यांच्या पट्टीसारखी टाळूवर न मारता कानापाशी मारली.

मास्क पुन्हा लावून ते झोपले. घोरणं थांबलं. बाईंनी घाईघाईनं तळहात नवऱ्याच्या छातीवर ठेवला.

छाती वर आली, सावकाश खाली गेली. पुन्हा वर आली. तोंड मिटलेलंच होतं.