ऑनलाइन नंबर आणि चपला

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसणारे भाऊसाहेब रोज वालचंदनगरहून स्कूटरवर येतात. कोरोना गेला, तरी त्यांचा मास्क अजून हनुवटीवर आहे आणि तेव्हा गर्दी टाळायला लावलेली ऑनलाइन नंबरची पाटी भिंतीवर. ती स्कॅन केली की मोबाइलवर नंबर येतो म्हणे. मला अजून आलेला नाही.

"आबा, चपला ठिवून नंबर लावायचा जमाना गेला," असं ते प्रत्येक म्हाताऱ्याला दटावतात. मग खिडकीतून मान बाहेर काढून दारातली चपलांची रांग बघतात आणि त्याच क्रमानं नावं कॉम्प्युटरात भरतात. वर कळवतात, सगळे नंबर ऑनलाइन लागले.

परवा तापानं फणफणलेले भाऊसाहेब रजा टाकून पेशंट म्हणून आले. पाटीपुढं मोबाइल धरला, थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा खिशात घातला. मग पायातल्या चपला काढून माझ्या चपलांमागं नीट लावल्या.

मी विचारलं, "भाऊसाहेब, ऑनलाइनचं काय?"

"खिडकीत आज बदली माणूस हाय," ते कण्हत म्हणाले. "पण काळजी न्हाय. त्याला ट्रेनिंग मीच दिलंय."