गावात नसलेलं आडनाव

मुलीच्या शाळेतल्या ब्रिटिश बाईंनी वर्गात स्वतःच्या आडनावाचा नकाशा दाखवला. इंग्लंडच्या उत्तरेला एक खोरं, तिथे चिकटवलेल्या लाल टिकल्यांची दाटी. बाईंचं आडनाव त्याच खोऱ्यातल्या गावावरून पडलेलं आणि त्या आडनावाची माणसं अजून तिथेच, शेजारी शेजारी. थोड्या टिकल्या लंडनकडे, दोन-चार ऑस्ट्रेलियात. मग हुकूम सुटला, प्रत्येकाने उद्या आपापला नकाशा आणायचा.

आडनाव नवऱ्याचं, गाव त्याच्या घराण्याचं, आणि टिकल्यांसाठी इथली, दोह्याच्या अल मन्सूरा भागातली दुकानं पालथी घालायची मी! नवरा शहराबाहेर लुसैलला, बांधकामाच्या साइटवर. फोन केला तर म्हणाला, "कोकणातलं गाव आहे, बाकी बाबांना विचार. यल्ला, चल, मीटिंग आहे."

लेकीने टिकल्यांचं अख्खं पाकीट त्या गावासाठी राखून ठेवलं होतं. जन्म दोह्याचा, पण मैत्रिणींना दाखवायला तिला एक हक्काचं गाव हवं होतं. मलाही ते तिच्यासाठी हवं होतं, म्हणून तर एवढी चिडचिड.

पुण्याला सासऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर. विचारलं, गावात आपल्या आडनावाची किती घरं आहेत?

"एकही नाही," ते हसत म्हणाले. "अगं, आपले पूर्वज गाव सोडून घाटावर आले, तेव्हा इथले लोक त्यांना त्या गावचे म्हणायला लागले. गावात राहिलेल्यांना तसं कोण कशाला म्हणेल?"

"सो वी आर नॉट फ्रॉम देअर?" लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत.

माझं डोकंच फिरलं. बाईंचा राग आला, सासऱ्यांच्या हसण्याचा त्याहून जास्त आला. "आपली आडनावं अशीच असतात," मी ओरडले. "जिथून आलो तिथलं नाव लागतं, आणि ते नव्या जागेतले लोक लावतात. खलास!"

तिने टिकल्यांचं पाकीट फोडलं. मग म्हणाली, "लाइक इन पुणे. आजोबांच्या बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, कतारवाले आले."

आणि पाकिटातल्या सगळ्या टिकल्या तिने दोह्यावर चिकटवल्या. इथला आपला मुक्काम तिच्या बाबाच्या नोकरीपुरता आहे, हे माहीत असूनही सुटू पाहणारी एक टिकली मी अंगठ्याने दाबून बसवली.