सहावा निरोप

"खरात, एकही निरोप वाजत नाही. फाइल दिसते, पण दाबलं की उघडतच नाही."

हिंगोलीतल्या एका प्रसूती दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम बोलत होत्या. तिथली टेलिफोन सिस्टिम मी बसवलेली. लाइन बिझी असली की फोन करणाऱ्याचा निरोप रेकॉर्ड होतो आणि ई-मेलनं मॅडमच्या मोबाइलवर जातो. मी तेव्हा जवळा बाजारला, एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात फोन जोडत होतो.

"सेनगावकडची एक पेशंट आहे," मॅडम म्हणाल्या. "नववा महिना, बीपी वाढलेलं. आज तपासणीला आली नाही. तिचा फोन बंद. डोकं दुखलं तर लगेच कळवा म्हणून बजावलं होतं. सकाळपासून नऊ निरोप आलेत. त्यात तिचा असला तर?"

कालच मी तिथं फॉरमॅट बदलला होता. फॉरमॅट म्हणजे आवाज दाबून साठवायची पद्धत. मॅडमचा मेलबॉक्स सारखा भरायचा, म्हणून मी सगळ्यात जास्त दाबणारी पद्धत निवडली. माझ्या लॅपटॉपवर फाइल छान वाजली. खूश होऊन निघालो. मॅडमच्या मोबाइलला ती उघडताच येत नाही, हे बघायचं मला सुचलं नाही.

"आलेल्या नंबरांवर फोन लावले का?"

"लावतोय. कुणी उचलत नाही, कुणाचा बंद."

"सगळे मेल मला पाठवा. आणि फोन ठेवू नका."

जिनिंगचं नेट मुंगीच्या पावलानं चालत होतं. एकेक फाइल उतरेपर्यंत जीव वरखाली. त्यात आपल्याकडं निरोपात नाव सांगायची पद्धत नाही. "म्या बोलून राहिलो, वळखलं ना?" झालं. ना गाव, ना नाव. मला कोण ओळखू येणार? फाइलींचा फॉरमॅट बदलून पाठवायला वेळ नव्हता. मी मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरला टेकवला. "मॅडम, तुम्हीच ऐका."

सहावा निरोप एका बाईचा होता. "मॅडम, पोरीला लई तकलीफ होऊन राहिली. डोकं फुटून राहिलं म्हणती. डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली. आमी काय करावं? मॅडम? बोला की वं!" पुढं नुसता श्वास ऐकू येत होता.

"सायराची सासू!" मॅडम ओरडल्या आणि फोन कट झाला.

दोन तास काहीच कळलं नाही. मी हातात वायर धरून बसून होतो. मग रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला. निरोप आलेला नंबर सायराच्या शेजारच्या दुकानदाराचा निघाला. दुसऱ्यांदा लावल्यावर त्यानं उचलला. दवाखान्याची गाडी जाऊन सायराला घेऊन आली. वाटेत एक झटका आला. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी जिवंत आहेत. मी जिनिंगवाल्यांसमोरच रडलो.

दुसऱ्या दिवशी जुना फॉरमॅट लावायला गेलो, तर सायराची सासू दवाखान्याच्या दारातच बसलेली.

"फोनचं तुमीच करता ना? म्या एवढं बोलले, तिकडून कुणी बोलंचना. काहून?"

"अम्मा, ते मशीन असतं, नुसतं ऐकून घेतं. पण तुमचा निरोप मॅडमला वेळेत ऐकू आला नाही, ती चूक माझी."

"म्या समजले, मॅडमला आमच्याशी बोलायचंच न्हाई," ती म्हणाली. "म्हून फिरून फोनच न्हाई लावला."

आता ज्याला निरोप ऐकायचा, त्याच्याच मोबाइलवर तो वाजल्याशिवाय मी जागचा हलत नाही.