वामनरावांचं नाव कुणी घ्यायचं?

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच. आईने दारातूनच बजावलं, "बाहीरच वाच आन् फाडून टाक, घरात आनू नगंस." वामनराव मास्तर खर्ड्याला, आपल्या मूळ गावी, वारले होते. पुतण्याने चार ओळी लिहिल्या होत्या आणि कार्ड काष्टीला माझ्यापर्यंत पोचायला तेरा दिवस लागले होते. म्हणजे दहावंसुद्धा होऊन गेलेलं. मी वाचलं, फाडलं, उरलेली दाढी उरकली आणि शाळेत जाऊन एका वर्गाला सबंध तासभर चुकीचं गणित शिकवलं. याला आता दोन महिने होतील. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते कळत नाही...

बारा वर्षं आम्ही शेजारच्या वर्गांत शिकवलं. मी गणित, ते भूगोल. मी शेतकऱ्याच्या घरातला पहिला मास्तर, त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पंतोजीपण. माझा आवाज चढा, हात पटकन उठणारा. त्यांना मुलांवर ओरडतासुद्धा येत नसे, आणि याचा मला राग यायचा, कारण तरीही मुलं त्यांच्याच तासाला गप्प बसत.

भूगोलाच्या पुस्तकात एस्किमोंवर एक पान होतं. बर्फाच्या घरात राहतात, कच्चं मांस खातात, की लगेच पुढचा धडा. मास्तरांनीही कित्येक वर्षं तेवढंच शिकवलं. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास डोळा दुखायला लागला म्हणून ते नगरला मिशनच्या दवाखान्यात जाऊन राहिले. तिथे एक म्हातारी गोरी नर्स होती. तिचे वडील पाद्री, आणि तिचं बालपण गेलं होतं पार उत्तरेकडे, लॅब्रॅडोरच्या गोठलेल्या किनाऱ्यावर, त्याच लोकांत. मास्तर डोळ्याला पट्टी बांधून आठ दिवस तिचं ऐकत बसले आणि परत आले ते संतापूनच.

"सोपानराव, मी इतकी वर्षं मुलांना खोटं शिकवलं! बर्फाचं घर ते शिकारीच्या वाटेवर बांधतात, मुक्कामापुरतं. एरवी दगडमातीची घरं, उन्हाळ्यात कातड्याचे तंबू. आणि एस्किमो हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं. ते स्वतःला इनुइट म्हणतात. इनुइट म्हणजे माणसं. बस्स, माणसं!"

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत त्यांची नगरची वारी ठरलेली. येताना फुलस्केपचे कागद भरून आणायचे. बर्फावरच्या उन्हाने डोळे जातात म्हणून ते लोक लाकडाला बारीक फट पाडून चष्मा करतात, हे कळल्यावर मास्तरांनी सुताराकडून तसा चष्मा करून घेतला आणि ऐन वैशाखात तो लावून सुप्याच्या माळावरून माझ्याबरोबर चालले. समोरून येणारा गाडीवान बैल थांबवून बघत राहिला. मी लाजेने दहा पावलं पुढे. मास्तर मागून ओरडताहेत, "अहो, खरंच डोळे दिपत नाहीत!"

वर्गात ते सांगत, समुद्रातला सील मारला की तिथली बाई त्याच्या तोंडात गोडं पाणी घालते. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला जीव, तहानलेला असणार. आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या मुलांना तहान समजावून सांगावी लागत नाही, वर्ग चिडीचूप व्हायचा. पण मास्तर तिथे थांबत नसत. आता त्या किनाऱ्यावर दुकानं आली आहेत, कोल्ह्याची कातडी देऊन चहा आणि पीठ घेतात, साथींनी वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, हेही सांगत. "आपल्या पुस्तकात मात्र ते अजून भाला घेऊन उभेच," म्हणत, आणि येरझाऱ्या घालू लागत.

आता ज्या गोष्टीपाशी यायचं टाळतो आहे तिच्यापाशी येतो.

माझ्या थोरल्याला माझ्या वडिलांचं नाव ठेवलं आहे, रामचंद्र. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून माझी बायको सखू त्याला बापू म्हणते. एकदा मास्तर घरी आले असताना त्याचा अडीचकीचा पाढा चुकला आणि मी त्याच्या कानशिलात दिली. मास्तर ताडकन उठले. मला वाटलं, मलाच मारतात की काय.

"तिकडे असता, तर वडिलांवर हात उचलला म्हणाले असते तुम्हाला!"

मग बसून त्यांनी सांगितलं. त्या लोकांत माणूस गेला की पुढे जन्मणाऱ्या मुलाला त्याचं नाव देतात, आणि नाव दिलं की तो माणूसच त्या मुलाबरोबर आला असं धरतात. आई आपल्या तान्ह्याला आजोबा म्हणून हाक मारते. त्याला रागावत नाहीत. आणि नाव मुलगा-मुलगी बघत नाही. मूल रडतं ते नावासाठीच, आणि ते मिळेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव कुणी तोंडातून काढत नाही.

"आमच्यातही ठेवतात की आजोबाचं नाव," मी म्हणालो.

"ठेवता, आणि मग घेत नाही," मास्तर म्हणाले. थोडं थांबून, टोपीशी चाळा करत, "आमच्याकडे तर तेही नाही. मूलबाळ नाही. ही जन्मभर 'अहो' म्हणत आली. मी गेलो की नाव संपलं. तुमच्याकडे पुढे कधी पाळणा हलला, तर..."

मी हसलो. काय दुर्बुद्धी सुचली! "आणि मुलगी झाली तर?"

"झाली तर झाली. तिकडे चालतं."

"इथे नाही चालत, मास्तर. ही काष्टी आहे."

तेही हसले. पण चहा चुलीवर होता आणि ते तो न घेता गेले. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दोन वर्षांनी प्रकृती ढासळली तेव्हा ते खर्ड्याला निघून गेले. निरोप द्यायला मी मोटारीपर्यंत गेलो होतो, बाजाराचा दिवस होता, आणि मला बी-बियाण्यांची घाई होती. हे लिहितानाही लाज वाटते.

कार्ड आलं त्यानंतर आठव्या दिवशी सखू बाळंत झाली. मुलगी. आणि रडायची ती अशी, की आईने दृष्ट काढली, बाळघुटी बदलली, तरी तिचं आपलं चालूच. मी शहाणासुरता, गणित शिकवणारा माणूस, पण तिचा आवाज कानावर आला की घराबाहेर पळायचो. शेवटी मास्तरांच्या नावाचं आईला विचारलं. आई म्हणाली, "पोरीला बाप्याचं नाव? आरं, लोकं तोंडात श्यान घालतील." बाराव्याला बारसं केलं नाही. आज पाव्हणे नाहीत, उद्या अमावस्या आहे, असं करत पाच आठवडे ढकलले. मग आईने दिवस ठरवला, आणि त्याच तिरीमिरीत मी खर्ड्याला मास्तरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, पत्र टाकलं. मास्तरांनी काय मागितलं होतं, मी काय उत्तर दिलं होतं, सगळं लिहिलं, आणि खाली, बारशाला या. पत्र पेटीत पडल्यावर कपाळावर हात मारला. कुंकू पुसून जेमतेम दोन महिने झालेल्या बाईला मी पाळण्याला बोलावलं होतं!

त्या आल्या. पुतण्याला घेऊन, जामखेडमार्गे दोन मोटारी बदलून. आईने मला एकट्याला गाठून हवं ते सुनावलं. वहिनी ओसरीच्या कडेलाच बसल्या, आत येईनात. आत सुप्याहून आलेल्या माझ्या बहिणीने, मुलीच्या आत्याने, कानात कुर्रर्र करून कुसुम नाव ठेवलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. झालं. मी खांबाला टेकून उभा.

तेवढ्यात सखू मुलीला घेऊन बाहेर आली आणि तिने तिला वहिनींच्या मांडीवर ठेवलं.

"मला नको गं सखू, शुभकार्य आहे," वहिनी मागे सरकल्या.

"काकू, मास्तरांनी मागितलं तवा मी चुलीपाशी हुते. मालक न्हाई म्हनले, म्या न्हाई म्हनलं नव्हतं. हिच्या कानात तुमी सांगा नाव."

वहिनींनी वाकून ओठ हलवले. आवाज आला नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव त्यांनी घेतलंच नसणार. आई घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात आली, आणि आता ही मूल हिसकावून घेते की काय, या भीतीने मी पुढे झालो.

आई म्हणाली, "जोरात सांगा, मास्तरीनबाई. लेकराला ऐकू गेलं पायजे."

"वामन," वहिनी म्हणाल्या. मग पुन्हा, "वामन." मग त्यांना थांबताच येईना. सगळ्या बायका दारात गोळा झाल्या, आणि वहिनी मुलीच्या कानाशी तेच एक नाव घेत राहिल्या, मोठ्याने, रडत.

मुलगी त्यानंतर शांत झाली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. झालेली नाही. आताही आत रडते आहे. मी हा कागद पुरा करायला बसलो आहे, आणि आई आतून हाका मारते आहे, "आरं सोपान, लिहिनं ऱ्हाऊ दे! मास्तर कवाधरनं रडत्यात, घे त्यास्नी!"

हो म्हणायला मला उशीर झाला, हे त्यांना सांगायचं आहे. पण आधी खांद्यावर घ्यायला हवं. उठतो.